लोगो, लेबल, बोर्ड: डिझाईनचं काम कुणाला द्यायचं, त्याआधीची तयारी

आधी एक वही घ्या आणि पुढच्या वर्षभरात तुमच्या धंद्याला काय काय लागणारे ते लिहून काढा. लोगो, दुकानाचा बोर्ड, व्हिजिटिंग कार्ड, पाकिटावरचं लेबल, बिलबुक, कॅरीबॅग, व्हॉट्सॲपचा कॅटलॉग, इन्स्टाच्या पोस्ट, दिवाळीचा बॉक्स, आपल्या नाशिकात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर एखाद्या प्रदर्शनात स्टॉल घेतला तर मागचा बॅनर. बहुतेक लोक हे न करता थेट "चांगला डिझायनर सांगा ना कुणीतरी" असं विचारत सुटतात आणि जो पहिला भेटेल त्याच्या गळ्यात सगळंच घालतात. मग लोगो मस्त काढणारा पोरगा लेबलवरचे नियम विसरतो, आणि दर महिन्याला पोस्ट करून देणारी एजन्सी बोर्डाची फाईल द्यायला तीन आठवडे लावते. प्रेसच्या काउंटरवर बसून मी हे सारखं बघते. माझं म्हणणं एवढंच आहे की डिझाईन हे एक काम नाहीये, ती तीन-चार वेगळी कामं आहेत, ती आधी वेगळी करा, कुणाला द्यायचं ते निम्मं तिथेच ठरतं.

तर यादी झाली की तिच्यावर खुणा करा. जे एकदाच करायचंय आणि वर्षानुवर्षं वापरायचंय (लोगो, पाकिटाचा मूळ साचा, बोर्ड) त्याला एक खूण. जे दर आठवड्याला नवं लागतं, म्हणजे पोस्ट, स्टेटस, ऑफरचं पॅम्प्लेट, त्याला दुसरी. ज्याच्यावर कायद्याने ठरलेला मजकूर असतो त्याला तिसरी. आणि जे फक्त छापायचंय, ज्यात डिझाईन असं फारसं नाहीच, बिलबुक किंवा डिलिव्हरी चलन, ते बाजूला काढा, ते तुमच्या प्रेसचा डीटीपी ऑपरेटर (कॉम्प्युटरवर टाईप करून पानाची मांडणी करणारा) अर्ध्या तासात करून देतो, त्यासाठी डिझायनरला पैसे देऊ नका. पैसा खर्च करायची जागा पहिल्या खुणेची, वेळ घालवायची जागा तिसऱ्या खुणेची.

आता मॅटर. छपाईवाले मजकुराला मॅटर म्हणतात आणि सगळ्यात जास्त कामं मॅटरपायीच रखडतात. समजा तुम्ही नागलीचे लाडू करून पाकिटात विकताय. डिझायनर शोधायच्या आधी हे टाईप करून ठेवा: पदार्थाचं नाव, घटक (जास्तीत जास्त वजनाचा आधी, मग उतरत्या क्रमाने), पोषणमूल्यांचा तक्ता, तूप असेल तर दूध आणि शेंगदाणे असतील तर शेंगदाणे अशी ॲलर्जीची सूचना, निव्वळ वजन, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत खायचं, सर्व करांसहित एमआरपी, ग्रॅममागे किती रुपये पडतात ती युनिट सेल प्राईस, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांचं लायसन्स देणारी केंद्राची संस्था) 14 आकडी नंबर त्यांच्या चिन्हासकट, आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. वजन-किंमत-पत्त्याचा भाग 2011 च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांतून येतो आणि खाण्याचा भाग एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबलिंग नियमांतून, आणि अक्षरांची किमान उंचीसुद्धा नियमात ठरलेली आहे, त्यामुळे "हे खालचं जरा बारीक करा, लूक बिघडतोय" हे सगळीकडे चालत नाही. हे मॅटर डिझायनर गोळा करणार नाही, त्याचं ते कामच नाही. तुम्ही द्या, आणि शक्य असेल तर तुमचं फूड लायसन्स काढून देणाऱ्या माणसाच्या नजरेखालून एकदा घाला.

यातच एक बारीक गोष्ट. बॅच, तारीख आणि एमआरपी लेबलवर छापून घेऊ नका, रिकामी चौकट ठेवायला सांगा, आणि त्या चौकटीत शिक्का कशाने मारणार तेही सांगा, कारण चकचकीत लॅमिनेशनवर साध्या शाईचा शिक्का बोटाने पुसला जातो. हे ज्याला सांगावं लागत नाही, तो स्वतःच विचारतो की "ताई, तारीख कशाने मारणार?", तो डिझायनर पकडून ठेवा.

पुढचं म्हणजे छपाई कशावर आणि किती. हे डिझाईनच्या आधी ठरतं, नंतर नाही. रंगीत छापलेलं लॅमिनेटेड पाऊच हवं असेल तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलेंडर (छपाईचा रूळ) बनतो, त्याचा खर्च एकरकमी, आणि छापणारा थोड्या मालाची ऑर्डर घेत नाही. सुरुवातीला तयार कोरं झिपलॉक पाऊच घ्या आणि त्यावर स्टिकर लेबल लावा, अंबड-सातपूरकडच्या चांगल्या चालणाऱ्या युनिटनीही सुरुवात अशीच केलेली असते. शे-दोनशे लेबलं हवी असतील तर डिजिटल, हजारांच्या पुढे गेलं की ऑफसेट परवडायला लागतं, कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग, आणि स्क्रीनला प्रत्येक रंगाचे वेगळे पैसे, म्हणजे सात रंगांचा शेडवाला लोगो तिथे मार खातो. तेव्हा प्रेसवाल्याशी आधी बोलून घ्या, लेबलचं माप, डायची म्हणजे लेबल कापायच्या साच्याची आउटलाईन, ब्लीड म्हणजे कापायच्या रेषेबाहेर रंग किती सोडायचा (साधारण 3 मिमी) हे त्याच्याकडून घ्या आणि मग डिझायनरला द्या.

आता माणसं. प्रेसमध्ये "डिझाईन फ्री" असा जो प्रकार असतो तो फ्री नसतो, छपाईच्या रेटमध्ये धरलेला असतो, आणि फाईल प्रेसकडे राहते. तुम्ही दुसऱ्या प्रेसला गेलात की पहिल्यापासून सुरू. मी स्वतः या धंद्यातली असून सांगते, पॅम्प्लेट आणि कार्ड खुशाल आमच्याकडे करून घ्या, लोगो नको. आमचा ऑपरेटर दिवसाला दहा जॉब काढतो, त्याने तुमच्या नावावर विचार कधी करायचा?

फ्रीलान्सर हा छोट्या धंद्याला सगळ्यात जुळणारा पर्याय, गावातला असेल तर आणखी बरं, कारण त्याला प्रेसवर घेऊन जाता येतं. त्याचं इन्स्टा बघून भुलू नका, तिथली निम्मी पाकिटं मॉकअप असतात, म्हणजे कॉम्प्युटरवरच बनलेली, प्रत्यक्षात कधी छापलीच नाहीत. "छापलेलं काहीतरी हातात दाखव" म्हणा. चित्रकला महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची पोरं कमी पैशांत आणि फार मनापासून करतात, फक्त परीक्षेचे दिवस आधी विचारून घ्या. एजन्सी तेव्हाच, जेव्हा दर महिन्याला फोटो, पोस्ट, जाहिरात, वेबसाईट असं सगळं चालू ठेवायचंय आणि तेवढं बजेट खरंच आहे, नाहीतर तुमचं काम त्यांच्या सगळ्यात नवशिक्या माणसाकडे जातं. आत्येभाऊ, भाचा वगैरे मंडळींबद्दल काय बोलणार, करेक्शन सांगायची चोरी होते.

फाईव्हर, अपवर्कसारख्या वेबसाईटवर जगभरातले लोक मिळतात, 99डिझाईन्सवर तर स्पर्धा लावता येते, दहा जण काढतात आणि तुम्ही एक निवडता. इंग्रजी नाव असेल, ऑनलाईनच विकायचं असेल तर चांगलं काम मिळू शकतं. पण पॅकेजमध्ये काय काय आहे ते नीट वाचा, ओपन फाईलचे (जिच्यात नंतर बदल करता येतात ती मूळ फाईल) बऱ्याचदा वेगळे पैसे असतात. आणि देवनागरी त्यातल्या बऱ्याच जणांना येत नाही. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी नाव बंधनकारक आहे, 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे तुमच्या लोगोला देवनागरी रूप लागणारच. ते पहिल्या दिवसापासून सोबत काढलं नाही तर नंतर वर झकपक इंग्रजी आणि खाली कुठल्यातरी फॉन्टात टाईप केलेलं मराठी, असे बोर्ड कॉलेज रोडवर हवे तेवढे बघायला मिळतील.

म्हणून कुणालाही काम द्यायच्या आधी एक छोटी परीक्षा घ्या. ही ओळ पाठवा आणि टाईप करून पीडीएफ मागा: "पुऱ्या, कुऱ्हाड, विठ्ठल, शुद्ध, दृष्टी, लक्ष्मी, किर्र". ऱ्या तुटतो का, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते का, ठ्ठ नीट जोडला जातो का बघा. ल आणि श हिंदी वळणाचे आलेत की मराठी, तेही बघा. अनेकांच्या कॉम्प्युटरवर अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आहेत, ते छापायला सुंदर, पण तोच मजकूर वेबसाईटवर चिकटवला की अगम्य काहीतरी दिसतं, तेव्हा मॅटर युनिकोडमध्येही (मोबाईल, वेबसाईट सगळीकडे सारखं दिसणारं टायपिंग) स्वतःकडे ठेवा. मुक्ता, बालू असे चांगले युनिकोड फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरता येतात, त्यामुळे "चोरीचा फॉन्ट" हे टेन्शनही नको.

कॅनव्हा (तयार टेम्प्लेटवरून स्वतः डिझाईन करायची साईट) आणि एआय. पोस्टसाठी बिनधास्त वापरा, स्वतः शिका, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तासाभरात आठवड्याच्या पोस्ट होतात. लोगोसाठी मात्र नाही, कारण कॅनव्हाचं टेम्प्लेट किंवा त्यातलं तयार चित्र तुमच्यासारखे हजार जण वापरू शकतात आणि त्यांच्या अटींप्रमाणे ते ट्रेडमार्क करता येत नाही. एआयची चित्रं देखणी येतात पण मराठी अक्षरं बऱ्याचदा अशी काढतात की हसावं का रडावं.

ट्रेडमार्कचं निघालंच आहे तर नाव पक्कं करायच्या आधी सरकारी ट्रेडमार्क साईटवर फुकट शोधून बघा, कुणी घेतलेलं असेल तर लोगोचे पैसे वाया. एकट्या मालकासाठी आणि छोट्या उद्योगासाठी ऑनलाईन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला (म्हणजे मालाच्या एका प्रकाराला) 4,500 रुपये, नोंद 10 वर्षांसाठी, मग नूतनीकरण. वकिलाची फी वेगळी.

आणि मालकी. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं सगळ्यांना वाटतं. कॉपीराईट कायदा, 1957 प्रमाणे बाहेरच्या माणसाकडून काढून घेतलेल्या डिझाईनचा पहिला मालक साधारणपणे तो काढणाराच असतो, तुमच्याकडे हक्क यायला लेखी आणि सही केलेलं असाइनमेंट, म्हणजे हक्क तुमच्या नावे केल्याचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, आणि कुठल्या देशापुरतं ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. एका पानाचा कागद पुरतो, "कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी, सर्व प्रकारच्या वापरासाठी" हे शब्द हवेत. हा कागद मागितला की चांगला डिझायनर चिडत नाही. पगारावर माणूस ठेवला असेल आणि करारात वेगळं काही नसेल तर त्याने नोकरीत केलेलं काम मालकाचं, तो वेगळा विषय.

कोटेशन मागताना किती ऑप्शन देणार, किती वेळा करेक्शन, कुठल्या फाईली देणार आणि जीएसटी धरून की सोडून, हे चार प्रश्न विचारा. तुमच्या बाजूने अंतिम होकार कुणाचा तेही ठरवा आणि तो एकच माणूस असू द्या, कारण नवरा म्हणतो निळा, सासूबाई म्हणतात गणपती हवाच, आणि भागीदाराला झळाळी पाहिजे, यात डिझायनर वैतागतो आणि शेवटी काहीतरी मधलंच निघतं. 50 टक्के ॲडव्हान्स नेहमीचा आहे, उरलेले फायनल फाईली हातात आल्यावर.

रंग मोबाईलवर बघून ओके करू नका. स्क्रीनचा केशरी कागदावर विटकरी होतो. ज्या गावात 1928 पासून नोटा छापल्या जातात तिथे लोक व्हॉट्सॲपवर प्रूफ पास करतात, काय म्हणावं. एक प्रिंट त्याच कागदावर काढून घ्या, भर उन्हात आणि दुकानाच्या ट्यूबलाईटखाली, दोन्हीकडे बघा. लोगो काळ्या एका रंगात, रबरी शिक्क्याएवढा करून बघा, ओळखू आला पाहिजे.

तारखांचं बोलायचं तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि लग्नसराईत प्रेसवाले फोन उचलत नाहीत, निवडणूक लागली तर विचारूच नका, आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. दिवाळीच्या बॉक्सचं डिझाईन आखाडात पक्कं झालेलं बरं. फ्लेक्सचा बॅनर लावणार असाल तर 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीवर 2022 पासून बंदी आहे, आणि रस्त्यावर लावायला महापालिकेची परवानगी लागते.

शेवटी फाईली ताब्यात घेताना: कोरल किंवा इलस्ट्रेटरची ओपन फाईल, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे चित्रासारखी पक्की, फॉन्ट नसला तरी न बदलणारी) छपाईची पीडीएफ, एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी), मागचं पारदर्शक असलेली पीएनजी, रंगांचे सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंचे आकडे, वापरलेल्या फॉन्टची नावं. व्हॉट्सॲपवर घ्यायच्या तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही, तो दाबून बारीक होतो आणि मग बोर्डवाला तुमचा लोगो स्क्रीनशॉटवरून परत काढत बसतो. एक कॉपी पेनड्राईव्हवर, एक धंद्याच्या मेल आयडीच्या ड्राईव्हवर, आणि त्या आयडीचा पासवर्ड डिझायनरकडे नाही, तुमच्याकडे.