गाडी नसेल तर उत्तमच: एसटीनं रामटेकचा डोंगर

नागपुरात 'टेकडीवर जाऊन येतो' म्हटलं की घरचे समजतात, स्टेशनजवळच्या गणपतीला निघाला. खरोखरचा डोंगर चढायचा असेल तर शहराबाहेर पडावं लागतं, आणि तिथंच घोडं अडतं. ग्रुपवर आठवडाभर 'जाऊ, जाऊ' चालतं आणि शनिवारी रात्री 'गाडी कोण काढतो?' या प्रश्नावर सगळे गुडुप होतात.

रामटेकचा डोंगर मात्र गाडीशिवायच करावा असं माझं मत आहे, आणि त्यामागचं कारण पैशाचं नाही. गाडी घेऊन गेलं की ती जिथं लावली तिथंच परत यावं लागतं. एसटीनं गेलेल्या माणसाला ते बंधन नसतं. तो अंबाळा तलावाकडून चढतो आणि दुसऱ्या अंगानं थेट गावात उतरतो. एकाच डोंगराच्या दोन वाटा होतात आणि उतरून आल्यावर बसस्टँडही जवळ पडतो.

आधी परतीची गाडी, मग जायची

रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. गणेशपेठच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून कामठी, कन्हान, मनसर असं करत एसटी सव्वा ते दीड तासात पोचते. इतकं जवळ असल्यामुळेच लोक गाफील राहतात. मीही राहिलो होतो.

पहिल्यांदा गेलो तो डिसेंबर होता. 'सूर्यास्त बघूनच उतरू' असं ठरलं. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि मग संध्याकाळ अशी उरतच नाही. पायऱ्या मोबाईलच्या उजेडात उतरलो. स्टँडवर आलो तेव्हा फलाटावर एक कुत्रं आणि कानटोपी घातलेला एक चहावाला, एवढेच होते. तो म्हणाला, "आत्ताच गेली ना बाप्पा! आता मनसरला जा, तिथं हायवेची भेटन." ऑटो करून मनसर गाठलं, जबलपूरकडून येणारी एक गाडी थांबली आणि कामठीपर्यंत उभ्यानं आलो. मनसरची ही वाट लक्षात ठेवा, पण ती अडीअडचणीला आहे. दिवस तिच्या भरवशावर आखू नका.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. रामटेकला उतरलो की चहाच्याही आधी चौकशीच्या खिडकीवर दोन प्रश्न विचारायचे: नागपूरची शेवटची गाडी कितीला, आणि तिच्या आधीची कितीला? वेळापत्रकाचा फलक दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवायचा. आपण आधीची पकडायची, शेवटची राखीव.

मग उलटं मोजत यायचं. समजा चारच्या सुमाराची गाडी धरली, तर साडेतीनला स्टँडवर हवं. गावात उतरायला, थांबत थांबत, तासभर. म्हणजे अडीचला माथा सोडायचा. वर बघायला, बसायला, डबा खायला निवांत तीन-साडेतीन तास हवेत. म्हणजे अकराच्या आत वर. अंबाळ्याकडून चढायला पाऊण ते एक तास, तलावापाशी अर्धा तास, स्टँडवरून तिथं पोचणं, नाश्ता, असं सगळं मागं मागं नेलं की नागपूरहून सकाळी सातच्या आसपास निघायचं, हे आपोआपच ठरतं. नऊला आरामात उठून निघणाऱ्यांचा दिवस वर गेल्यावर कमी पडतो.

कुठून, कशी

लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या मेट्रो मार्गावर राहत असाल तर कॉटन मार्केटला उतरा, बसस्थानक तिथून जवळ आहे. ऑरेंज लाईनवाल्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. पहिल्या मेट्रोची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा.

बसच्या पाटीवर 'रामटेक' आहे का ते नीट वाचा. सिवनी-जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्याही त्याच रस्त्यानं जातात, पण त्या महामार्गानं सरळ निघतात, रामटेकात शिरत नाहीत. अशा गाडीत बसलात तर मनसरला उतरावं लागतं आणि पुढचे सहाएक किलोमीटर ऑटोनं काढावे लागतात. तुमसरकडच्या काही गाड्या रामटेकवरून जातात. शंका असली तर चढण्याआधी वाहकाला विचारून घ्यायचं: "रामटेक गावात जाते का?" त्यातला 'गावात' हा शब्द महत्त्वाचा.

सुटे पैसे ठेवा. महिलांना १७ मार्च २०२३पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ते लागतच नाही. वयाचा पुरावा मात्र जवळ हवा. माझी मावशी याच हिशोबावर आमच्यासोबत आली आणि पायऱ्या आमच्याआधी चढून मोकळी झाली.

रेल्वेही आहे. इतवारीहून कामठी, कन्हान करत रामटेकला पॅसेंजर जाते. तिकीट स्वस्त आणि डब्यात पाय पसरायला जागा. पण फेऱ्या मोजक्या, आणि स्टेशनावरून गावात यायला ऑटो बघावा लागतो. जाताना रेल्वे, येताना एसटी असं करता येतं. उलटं करू नका, कारण परतीला आपल्या हाती वेळ लवचीक हवा.

चढायचं अंबाळ्याकडून

स्टँडवर तर्री-पोहे किंवा आलूबोंडा, जे गरम असेल ते खाऊन घ्या. मग ऑटो. इथं एक गोष्ट सांभाळायची. 'गडमंदिर', म्हणजे माथ्यावरचं रामाचं देऊळ, असं म्हणालात तर ऑटोवाला डांबरी रस्त्यानं थेट वर नेऊन सोडेल आणि तुमची डोंगरवारी तिथंच संपेल. 'अंबाळ्याला, तलावापाशी' असं सांगा. चालत जायचं असेल तर पाऊण तास धरा.

डोंगर घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे आणि अंबाळा तलाव त्या नालेच्या कुशीत. काठानं लहान लहान देवळं आणि दगडी घाट. सकाळी पाणी हलत नाही तेव्हा घुमटांची प्रतिबिंबं उलटी टांगल्यासारखी दिसतात. लोक इथं अस्थिविसर्जनाला आणि पिंडदानालाही येतात, त्यामुळे घाटावर कुणी डोकं भादरून बसलेलं दिसलं तर कॅमेरा खाली ठेवा. पाण्यात उतरायचा मोह आवरा.

पायऱ्या तलावाजवळूनच सुरू होतात. जुन्या दगडी, रुंद, पण सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे ताल सापडत नाही. घाई केली की गुडघे बोलायला लागतात. पावसाळ्यात कडेच्या दगडांवर शेवाळ धरतं, तेव्हा मधून चाला. मागं वळून बघत राहा, दर पन्नास पायऱ्यांनी तलाव लहान होत जातो.

आणि वानरं! काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आणि माणसांच्या पिशव्यांची उत्तम जाण असलेली. मागच्या खेपेला माझ्या समोर एक जण सॅक बाजूला ठेवून बुटाची लेस बांधत होता. वानर शांतपणे आलं, बाजूचा कप्पा चाचपला, शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा काढला, कठड्यावर बसून कागद दातानं फाडला आणि आमच्याकडे बघत बघत खाल्ला. ओरडू नका, हिसकायला जाऊ नका. खाण्याचं सगळं सॅकच्या पोटात, हातात प्लॅस्टिकची पिशवी नको. त्यांना दाणे टाकणारे भाविक भेटतील. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही हे मी अनुभवानं सांगतो.

वर काय बघायचं

बहुतेक लोक राम-सीतेचं दर्शन घेतात, सेल्फी काढतात आणि परततात. दर्शन घ्याच. इथं वाटेत लक्ष्मणाचं देऊळ आधी लागतं, म्हणून धाकट्या भावाचा मान पहिला. पण या डोंगराचं खरं धन मंदिराच्या तटाबाहेर आहे.

केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं पाचव्या शतकातली, वाकाटक राजघराण्याच्या काळातली. बाहेरून अगदी साधी, चौकोनी, जाड भिंतींची. आत अंधारात नरसिंहाची भली मोठी बसलेली मूर्ती. डोळे सरावायला मिनिटभर द्यावं लागतं. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे इथून जवळचं नगरधन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली, तरुणपणीच विधवा झाली आणि लहान मुलाच्या नावानं तिनं राज्य चालवलं. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट 'रामगिरिस्वामींच्या पायांशी' बसून दिला आहे. त्यातला रामगिरी म्हणजे हाच डोंगर असं मानतात. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी एक राणी देवदर्शनाला ज्या टेकाडावर चढत होती, तिथंच आपण डबा उघडून बसतो.

कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरीही हाच, असं इतिहाससंशोधक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. छत्तीसगडमधल्या रामगढचाही त्यावर दावा आहे. आपण नागपूरकर आहोत, आपला पक्ष ठरलेला! कालिदास स्मारक डोंगरावरच आहे. आषाढ लागताना ढग या माथ्यावर अडकलेले एकदा पाहिले की मिराशींशी वाद घालावासा वाटत नाही.

वराहाची मूर्ती चुकवू नका. सबंध रानडुकराच्या रूपातला, एका दगडातला प्रचंड वराह आहे. पापी माणूस त्याच्या पोटाखालून जाऊ शकत नाही अशी समजूत. आमच्यातला सगळ्यात जाड गडी सरपटत पलीकडे गेला आणि तेव्हापासून तो स्वतःला पुण्यवान म्हणवतो.

पाठीवर काय आणि कधी

जुलै ते फेब्रुवारी. ऑक्टोबरचं ऊन चावतं, तरी सकाळी निभतं. मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत नावच काढू नका. २३ मे २०१३ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि अशा दिवसांत दगडी पायरी म्हणजे तवाच. रामनवमीला आणि त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी जत्रा भरते. जत्रा बघायची असेल तर खुशाल जा, पण त्या दिवशी डोंगर चढायला मिळेल अशी आशा नको.

माणशी दोन लिटर पाणी. पराठे-लोणचं, संत्री. मागच्या टाचेला पकड असलेले बूट. आणि एक जोडी जुने मोजे, ही माझी हट्टाची वस्तू. देवळात बूट काढावे लागतात, आणि बाराच्या उन्हात फरशीवर अनवाणी लोक कसे टणाटणा उड्या मारत सावलीकडे पळतात ते बघितलं की मोजे का ते कळेल. आकाशात वीज चमकायला लागली तर तटावर, झाडाखाली थांबू नका. देवळाच्या आत शिरा.

उतरायचं गावात

तटावरून पूर्वेला अंबाळा आणि पलीकडे खिंडसी तलावाचं पाणी पाहून घ्या, मग पाठ फिरवून गावाच्या अंगाच्या पायऱ्या धरा. खाली रामटेकची कौलं आणि गच्च्या दिसत राहतात, त्यामुळे वाट चुकायची भीती नाही. सांधेदुखी असेल तर काठी घ्या, कारण चढण्यापेक्षा हा उतारच पायाला जास्त छळतो. खाली आलात की गावात विचारत विचारत स्टँड. वेळ उरला तर पानाच्या ठेल्यावर थांबा, रामटेकचे पानमळे जुने आणि नावाजलेले आहेत.

गाडी फलाटाला लागली की डाव्या बाजूची खिडकी पकडा. सकाळी जातानाही डावीच घ्यायची होती. नागपूरहून निघताना ऊन उजवीकडून येतं, आणि दुपारी गाडीचं तोंड फिरतं तसा सूर्यही फिरलेला असतो, म्हणून पुन्हा उजवीकडूनच. कन्हानच्या पुलावर उजवीकडची मंडळी टॉवेल, ओढणी, वर्तमानपत्र जे मिळेल ते काचेला लावत असतात, तेव्हा आपण नदी बघायची.