बॅरल बदललं, आता पहिली गोळी उडवण्याआधी

टेक्ससमध्ये हरणांचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, आणि त्याआधीच्या महिन्यात गनस्मिथ म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या मंडळींकडे बोलायलाही वेळ नसतो. म्हणून रायफलचं बॅरल, म्हणजे नळी, बदलायचं असेल तर ते उन्हाळ्यातच उरकून घ्यावं. काही अडलं, गेज (माप तपासायचा पोलादी तुकडा) कमी पडला, नट पुन्हा सोडावा लागला, तरी हाताशी दिवस असतात. घाईत बसवलेलं बॅरल वरून पाहिलं तर छानच दिसतं, आणि गोची तीच आहे.

ही यादी सॅव्हेज ११० या रायफलीवर .३०८ विंचेस्टर काडतुसाचं, चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) आधीच कापून आलेलं बॅरल चढवणाऱ्यासाठी आहे. सॅव्हेजच का? रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत बॅरलला खांदा असतो. तो किती कापायचा हे लेथवरचा माणूस ठरवतो आणि बॅरल त्या खांद्यापर्यंत आवळलं की विषय संपतो. १९५८ साली आलेल्या सॅव्हेज ११० मध्ये खांद्याच्या जागी एक मोठा नट आहे. बॅरल हवं तितकं आत फिरवायचं आणि नटाने जागच्या जागी जखडायचं. म्हणजे जे माप एरवी कारागीर कापून देतो ते इथे आपण हाताने लावतो. सोय मोठी आहे, आणि चूक झाली तर ती ढकलायला दुसरा माणूस नाही.

हत्यारांच्याही आधी कागद. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे रिसीव्हर, बॅरल आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला भाग. बॅरल हा नुसता सुटा भाग, तो पोस्टाने घरी येतो. राज्याराज्यांचे नियम मात्र वेगळे असतात, ते बघून घ्या. आपल्या लोकांपैकी बरेच जण एच-१बी वर आहेत, त्यांच्यासाठी हे ठळक अक्षरात: या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मुळात बंदी आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक ठरलेला अपवाद. ‘मित्राची रायफल आहे, मी फक्त मदत करतोय’ हे स्पष्टीकरण तिथे चालेलच असं धरू नका. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. आणि पुण्या-कोल्हापुरात बसून हे वाचणाऱ्यांनी पान्याला हात लावू नये. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोजतात आणि दुरुस्तीलाही परवाना लागतो. तिथे हे काम परवानाधारक आर्मररचंच. तुम्ही यादी वाचून त्याला नेमके प्रश्न विचारू शकता, तेवढंही पुष्कळ आहे.

आता टेबल. खरं काडतूस त्या खोलीत एकही नको. खिशात नको, ड्रॉवरमध्ये नको. मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही बघा. फीडिंग तपासायला रंगीत डमी काडतुसं मिळतात, तीच वापरायची.

मग जुळणी. बॅरलवर ठोकलेलं नाव वाचा, पाकिटावरचं नव्हे. बोल्टच्या तोंडाचा व्यास बघा: .३०८, .२४३, ६.५ क्रीडमूर या सगळ्या काडतुसांच्या बुडाला ०.४७३ इंचाचा बोल्ट लागतो, .२२३ ला ०.३७८ चा. रायफल आधी .२२३ असेल तर बोल्टचं डोकंही बदलावं लागेल. सॅव्हेजचे आटेही सगळ्या रायफलींना एकाच व्यासाचे नाहीत, बारीक शँक आणि जाड शँक (शँक म्हणजे बॅरलचं आट्यांचं टोक) असे दोन प्रकार आहेत. ऑर्डर देतानाच आपल्या रिसीव्हरवरचं माप घेऊन खात्री करा. बारीक बॅरल जाड रिसीव्हरमध्ये ‘जरा सैल’ बसत नाही, ते बसतच नाही.

आता मुख्य गोष्ट, हेडस्पेस. बोल्ट बंद असताना त्याच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ सारखं काडतूस पुंगळीच्या (पितळी कवचाच्या) खांद्यावर, म्हणजे ती जिथे निमुळती होते तिथे अडतं. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री नॉट थ्री बुडाच्या कडेवर अडते. तिच्या ली-एनफिल्ड नंबर ४ रायफलीत हे अंतर जुळवायला ० ते ३ असे क्रमांक घातलेली बोल्टची डोकी असायची, त्यातलं योग्य ते लावायचं. एका रायफलीचा सल्ला दुसरीला लागू होत नाही तो असा.

अंतर जास्त झालं तर गोळी सुटताना पुंगळी मागे-पुढे ताणली जाते. बुडाच्या जरा वर तिची भिंत पातळ होते आणि एखाद्या वेळी तिथेच फाटते. .३०८ च्या कमाल दाबाची अमेरिकी मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. तो वायू फाटलेल्या जागेतून मागे, म्हणजे तुमच्या तोंडाकडे वाट शोधतो. अंतर कमी झालं तर बोल्ट नीट बंदच होत नाही, आणि जोर लावून बंद करणारे महाभाग असतातच.

त्यासाठी गेज. भोसरी-चिंचवडच्या शॉपमध्ये ज्याने एक पाळी जरी काढली असेल त्याला गो आणि नो-गो समजावून सांगायला नकोत. इथेही तेच तत्त्व आहे. .३०८ चा गो गेज १.६३० इंचाचा, नो-गो १.६३४ चा. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. मधला सगळा खेळ ४ थाऊचा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सॅव्हेजच्या आट्यांना इंचाला २० फेरे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात बॅरल ५० थाऊ सरकतं. ४ थाऊ म्हणजे २९ अंशांहूनही कमी, घड्याळात बारा ते एकचं अंतरसुद्धा भरत नाही. नट आवळताना बॅरल हातात एवढं सहज फिरतं. फील्ड नावाचा तिसरा गेज १.६३८ चा असतो, तो वापरून झिजलेल्या रायफलींसाठी. कोरं बॅरल फील्डवर अडलं यात समाधान मानू नका.

दोन्ही गेज विकत घ्या. गोच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावून नो-गोचं काम भागवण्याची युक्ती सर्रास चालते. पट्टी साधारण २ थाऊची असते आणि अंदाजासाठी ती मलाही आवडते. पण पट्टी दाबली जाते, तिच्यात हवा राहते, कड दुमडते. बॅरलवर काहीशे डॉलर घालवून गेजवर काटकसर करण्यात अर्थ नाही. गेज त्याच काडतुसाचा आहे ना, हे त्याच्यावर कोरलेलं वाचून घ्या, आणि वापरण्याआधी त्यावरचं तेल पुसा.

बोल्टची तयारी इथेच करायची. पुंगळी बाहेर फेकणाऱ्या एजेक्टरची स्प्रिंग गेजला पुढे ढकलत राहते आणि पुंगळी ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर कडेला चावतो. दोन्ही जागेवर असतील तर बोटाला लागणारा अडथळा गेजचा की त्यांचा हे कळत नाही. ते उतरवा. सॅव्हेजच्या एक्स्ट्रॅक्टरमागे एक इवलीशी पोलादी गोळी आणि स्प्रिंग असते. ती सुटली की थेट सोफ्याखाली जाते, म्हणून हे काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करावं. फायरिंग पिनची जोडणी काढायची असेल तर मागचा स्क्रू सोडताच हँडलही मोकळं होतं. कंपनीचं चित्र समोर ठेवा, नाहीतर ती राहू द्या आणि तिचा जोर कसा लागतो ते गेज न घालता दोन-चारदा आधी अनुभवून घ्या.

चेंबर स्वच्छ हवं. नव्या बॅरलमध्ये कारखान्याचं घट्ट तेल असतं, क्वचित धातूचा बारीक कीसही. खांद्यावर बसलेली कीसाची एक काडी गो गेजला खोटं अडवते. मग माणूस बॅरल थोडं बाहेर घेतो, आणि काडी निघाल्यावर तेवढंच माप वाढलेलं उरतं. ब्रश, कोरडी चिंधी, मग टॉर्च. नळीतून आरपार बघा. तोंडाच्या कडेवर ओरखडा आहे का तेही बघा, कारण बॅरल परत पाठवायचं असेल तर आत्ताच, चढवल्यावर नाही. रिसीव्हरचे आटे आणि बोल्टचे लग (त्याला बंद जखडून ठेवणारे दात) जिथे टेकतात त्या जागा पुसा. आट्यांना अँटी-सीझ ग्रीस, अगदी पातळ.

गो गेज घालून बोल्ट बंद करायचा आणि बॅरल हाताने, गेजला हलकं टेकेपर्यंत आत घ्यायचं. रिकॉइल लग (गोळीचा धक्का दस्त्यावर देणारी पट्टी) तिरका बसला नाही ना हे पाहून, बॅरल धरून ठेवून नट आवळायचा. किती आवळायचा याचा आकडा बॅरलवाल्याच्या कागदावर असतो, टॉर्क रेंच त्यावरच लावा.

आणि आता, नट पूर्ण आवळल्यानंतर, सगळं पुन्हा तपासायचं. या यादीतलं एकच कलम लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नट बॅरलला पुढे ओढतो, आट्यांमधली ढिलाई निघते आणि माप थोडं वाढतं. हाताने लावलेलं माप हे शेवटचं माप नव्हे. नट आवळण्याआधी नो-गो अडला होता याला काहीही किंमत नाही.

तपासणीचा हात हलका हवा. बोल्टचं हँडल मुठीत धरू नका. अंगठा आणि एका बोटात धरा. गो गेजवर हँडल जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली आलं पाहिजे. शेवटच्या टप्प्यात किंचित घासल्यासारखं लागलं तर तेही उत्तमच. नो-गोवर हँडल खाली यायला लागून मध्येच थांबलं पाहिजे, आणि थांबल्यावर तुम्हीही थांबायचं. हँडल फिरवताना बोल्टला पुढे ढकलणाऱ्या उताराला जबर ताकद असते. तळहाताने दाबलंत तर तो नो-गोवरही बंद होईल, गेजला खळी पाडेल आणि वर चुकीचं उत्तर देईल. तीन-चारदा करा, दरवेळी गेज थोडा फिरवून. उत्तर दरवेळी तेच यायला हवं. ‘एकदा अडला, एकदा गेला’ असं झालं तर कुठेतरी घाण आहे किंवा गेज वाकडा बसतोय.

गेज एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. बोल्टचं डोकं बॅरलच्या मागच्या तोंडाला घासतंय का, हे तो सांगत नाही. त्यासाठी बोल्टच्या पुढच्या कडेला मार्करची शाई लावा, गेज न घालता बोल्ट बंद करून उघडा आणि बघा. शाई पुसली गेली असेल तर बोल्ट लगवर टेकण्याआधी बॅरलवर टेकतोय, मग काम गनस्मिथकडे. लगच्या मागच्या बाजूलाही शाई लावा. दोन्ही लगवरची घासली गेली पाहिजे, एकाचीच नको.

एक्स्ट्रॅक्टर-एजेक्टर परत बसवा आणि डमी काडतुसं मॅगझिनमधून चालवून बघा. आत जातात का, ओढली जातात का, बाहेर फेकली जातात का. नवं बॅरल जाड असेल तर दस्त्याच्या खाचेत ते टेकतंय का हे तपासायला डॉलरची नोट पुरते. बॅरल आणि लाकडाच्या मधून ती रिसीव्हरपर्यंत विनाअडथळा सरकली पाहिजे.

ब्रिटनमध्ये एवढ्यावर भागत नाही. बॅरल बदललेली रायफल लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाच्या काडतुसाने तपासून शिक्का मारून घेतल्याशिवाय विकता येत नाही. अमेरिकेत अशी सक्ती नाही. त्यामुळे इथे शेवटचा परीक्षक आपणच. शंका असेल तर गनस्मिथला तासाभराचे पैसे द्या, त्यात कमीपणा नाही.

रेंजवर जाताना कारखान्याची नवी काडतुसं न्या, घरी भरलेली नकोत. गॉगल आणि कानाचं संरक्षण तर हवंच. एका वेळी एकच काडतूस. प्रत्येक गोळीनंतर पुंगळी हातात घेऊन बघायची. प्राइमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) बाहेर आलाय, त्याला भोक पडलंय किंवा तो चपटा होऊन कडेवर पसरलाय, बुडाच्या वर चकचकीत कडं उमटलंय, बोल्ट उघडताना जोर लागतोय, यातलं काहीही दिसलं की त्या दिवशीचं शूटिंग संपलं. पेपरक्लिपचं टोक वाकवून पुंगळीच्या आतून बुडाजवळ फिरवलं तर पातळ पडलेली जागा खाच म्हणून लागते. कंपॅरेटर (खांद्यापर्यंतची लांबी मोजायचं साधन) असेल तर न उडवलेल्या काडतुसाचा आणि उडवलेल्या पुंगळीचा खांदा मोजून फरक लिहून ठेवा. पहिल्या तीन पुंगळ्या तारीख घालून, गेजच्याच डबीत ठेवा. पुढे नट कधी सोडलात तर नवं माप त्यांच्याशी ताडून बघता येतं.