पिवळा दिवा लागला म्हणून लगेच डिस्क उपसू नका

सांगलीतल्या पतसंस्थेचा सर्व्हर असो की मिरजेतल्या दवाखान्याचा, डिस्कवर पिवळा दिवा दिसला की हात आधी तिकडेच जातो. तो आवरा. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा टिकवणाऱ्या यंत्रणेच्या) स्क्रीनवर अवस्था वाचा, आणि बॅकअप आज चालतोय का ते पाहा.

अ‍ॅरेची अवस्था वेगळी, डिस्कची वेगळी. अ‍ॅरे म्हणजे असा एकत्र जोडलेला डिस्कचा गट. अ‍ॅरे 'डिग्रेडेड' म्हणजे डेटा शाबूत आहे, पण आधार कमी झालाय. रेड ५ मध्ये अशा वेळी आणखी एक डिस्क गेली की खेळ खलास. रेड ६ एक डिस्क गेल्यावरही आणखी एक सोसतो.

'प्रेडिक्टिव्ह फेल्युअर' (लवकरच बिघडेल असा इशारा) दाखवणारी डिस्क अजून काम करत असते. अ‍ॅरेतली दुसरी डिस्क आधीच 'फेल्ड' (बंद पडलेली) असेल, तर ही चुकूनही काढू नका. रेड ५ तिच्याच जोरावर उभा असतो. बॅकअप घ्या, फेल्ड डिस्क बदला, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) पूर्ण झाल्यावर मग हिला हात लावा.

'मिसिंग' (डिस्क सापडत नाही) दिसल्यावर लगेच नवी डिस्क मागवायची घाई नको. केबल, बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो बोर्ड), वीजजोडणी तपासा. साटा जोडणीच्या डिस्कच्या स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या) नोंदींत क्रमांक १९९ वाढत असेल तर बहुधा केबलचा दोष. ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्कच खराब होतेय.

बराच डेटा बुडतो तो 'फॉरेन'पाशी, म्हणजे कंट्रोलरला डिस्क परकी वाटते तेव्हा. वळवाच्या पावसात वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली, की कधीकधी दोन-तीन डिस्क एकदम बाहेर पडतात आणि परतल्यावर फॉरेन म्हणून दिसतात. इथे 'क्लिअर' दाबू नका. त्याने अ‍ॅरेची मांडणी पुसली जाते. आधी 'प्रिव्ह्यू' पाहा, सगळ्या डिस्क दिसत असतील तरच 'इम्पोर्ट' करा. त्या वेगवेगळ्या वेळी पडल्या असतील तर इव्हेंट लॉगमधला क्रम बघा. सर्वांत आधी पडलेल्या डिस्कवर जुना डेटा असतो. ती जबरदस्तीने 'ऑनलाइन' केली तर जुनं-नवं एकत्र होऊन फाइली बिघडतात. शंका असेल तर सर्व्हर बंद ठेवून जाणकाराला बोलवा. 'इनिशियलाइझ'च्या (अ‍ॅरे कोरा करण्याच्या) वाटेला तर जाऊच नका.

डिस्क बदलताना 'लोकेट'ने तिचा दिवा लुकलुकवा आणि सिरियल नंबर जुळवा. बऱ्याच सर्व्हरमध्ये स्लॉट शून्यापासून मोजतात, म्हणजे स्लॉट ३ ही चौथी डिस्क! नवी डिस्क त्याच प्रकारची, तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची हवी. एसएमआर प्रकारची (माग एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला संथ) स्वस्त डिस्क रिबिल्डमध्ये रडवते. नवी डिस्क 'अनकॉन्फिगर्ड गुड' (चांगली, पण अजून वापरात न घेतलेली) दाखवत नुसती बसून राहिली, तर तिला हॉट स्पेअर (आपोआप कामाला लागणारी राखीव डिस्क) नेमा, म्हणजे रिबिल्ड सुरू होईल. मोठ्या डिस्कला त्यात एक-दोन दिवसही लागू शकतात.

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये हेच 'एमडीस्टॅट' नावाच्या फाइलमध्ये दिसतं: चालू डिस्कसाठी 'यू', गेलेलीच्या जागी अधोरेषा. चांगली सॅस (सर्व्हरसाठीच्या जोडणीची) डिस्क सांगलीत हातोहात मिळेलच असं नाही, म्हणून एक कपाटात आणून ठेवा.