प्रोसेसर ओव्हरक्लॉक करताना या चुका टाळा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगात चालवणं. मल्टिप्लायर, म्हणजे बेस क्लॉक या मूळ वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा, दोन पायऱ्या वर नेला, विंडोज सुरू झालं, एक बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) पार पडला, की काम फत्ते असं मानलं जातं. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. अस्थिर प्रोसेसर दर वेळी निळा स्क्रीन दाखवून सांगत नाही. कधी तो एखादं गणित चुकवतो, ते चुकीचं उत्तर तसंच फाइलमध्ये लिहिलं जातं आणि महिन्याभराने झिप उघडत नाही. म्हणून पहिल्या बदलाआधी महत्त्वाच्या डेटाचा बॅकअप घ्या आणि चाचण्या संपेपर्यंत विंडोज अपडेट, नवीन इन्स्टॉलेशन किंवा बायोस (मदरबोर्डवरचं, विंडोजच्या आधी सुरू होणारं सॉफ्टवेअर) फ्लॅश, म्हणजे अपडेट, करू नका. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की फोनमध्ये किंवा कागदावर आधीच उतरवून ठेवा. बायोसमधल्या काही बदलांनंतर आणि अपडेटनंतर मशीन ती मागू शकतं, आणि त्या क्षणी ती त्याच मशीनमध्ये अडकलेली असते.

बोर्ड आणि प्रोसेसर न तपासता सुरुवात

हे पाच मिनिटांचं काम आहे, तरी राहून जातं. इंटेलच्या सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये मॉडेलच्या आकड्यापुढे के, केएफ किंवा केएस असेल तरच मल्टिप्लायर खुला असतो, आणि सोबत झेड मालिकेचा चिपसेट (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) लागतो. बी७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. एएमडीचे बहुतेक रायझन खुले आहेत, पण ए३२०, ए५२० आणि ए६२० चिपसेट ओव्हरक्लॉकिंग देत नाहीत. रायझन ७ ५८००एक्स३डीचा मल्टिप्लायर बंद आहे. ७८००एक्स३डीचाही बंद आहे, पण तिथे कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज थोडं कमी-जास्त करणारं एएमडीचं सेटिंग) वापरता येतो.

मल्टिप्लायर बंद आहे म्हणून बेस क्लॉक वाढवण्याच्या फंदात पडू नका. १०० मेगाहर्ट्झचा हा क्लॉक अनेक बोर्डांवर पीसीआय एक्सप्रेसलाही (ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्ड जोडणारी वाहिनी) जोडलेला असतो. तो थोडा सरकला तरी एनव्हीएमई ड्राइव्ह आणि ग्राफिक्स कार्ड कुरकुरायला लागतात. तो १०० वरच राहू द्या.

व्होल्टेज ऑटोवर सोडणं

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, म्हणून इथे थांबून नीट समजून घ्या. मल्टिप्लायर वाढवला आणि व्होल्टेज ऑटोवर राहिलं, तर मशीन बंद पडू नये म्हणून बरेच बोर्ड गरजेपेक्षा खूप जास्त व्होल्टेज देतात. मशीन स्थिर दिसतं, पण चिप विनाकारण भाजत राहते. प्रोसेसरची उष्णता फ्रिक्वेन्सीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा ४.८ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर चालत होता आणि ५.१ साठी १.३५ व्होल्ट लागले. वेग वाढला सहा टक्के, उष्णता मात्र सुमारे ३४ टक्के. जिथे १२० वॉट जात होते तिथे आता १६० च्या पुढे. शिवाय चिप तापली की लीकेज (वाया झिरपणारा करंट) वाढतं, म्हणजे प्रत्यक्षातला आकडा याहूनही थोडा वरच जातो.

दुसरी चूक रायझनवर विशेष दिसते. हलक्या कामात एचडब्ल्यूइन्फो (व्होल्टेज, तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) १.४० ते १.४५ व्होल्ट दाखवतं. ते पाहून 'कंपनीच एवढं देते' असा अर्थ काढला जातो आणि १.४० व्होल्ट सगळ्या कोअरसाठी कायमचे लॉक केले जातात. हलक्या कामात एखादाच कोअर बूस्ट होतो, करंट कमी असतो, म्हणून ते व्होल्टेज चालून जातं. सगळे कोअर पूर्ण लोडवर असताना प्रोसेसर स्वतःहून बराच खाली येतो. मोठ्या करंटसोबत तेच १.४० व्होल्ट कायम दिले तर चिपचं आयुष्य घटतं. रोजच्या वापरासाठी पूर्ण लोडखाली १.३० व्होल्टच्या आसपास थांबावं, असं आमचं मत आहे. त्यापुढे मिळणारे शंभर मेगाहर्ट्झ त्या किमतीचे नसतात.

क्रम असा ठेवा. सगळं मूळ सेटिंगवर असताना सिनेबेंच (प्रोसेसरचा बेंचमार्क) चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये लोडखालचं कोअर व्होल्टेज, सर्वाधिक तापमान, पॅकेज पॉवर आणि स्कोअर लिहून घ्या. मग लोडखालच्या त्या आकड्याइतकं व्होल्टेज हाताने द्या आणि मल्टिप्लायर एकाने, म्हणजे १०० मेगाहर्ट्झने वाढवा. दहा मिनिटांची चाचणी पार पडली तर आणखी एक पायरी. पडली, तर ०.०१० ते ०.०२५ व्होल्ट वाढवून पाहा. तीन-चार वेळा व्होल्टेज वाढवूनही तीच पायरी टिकत नसेल तर त्या चिपची मर्यादा आली. एक पायरी खाली या. दुसऱ्या कुणाचे आकडे जसेच्या तसे भरू नका. एकाच मॉडेलच्या दोन चिपनाही त्याच वेगासाठी वेगळं व्होल्टेज लागतं.

जास्त व्होल्टेजचा धोका कागदावरचा नाही. २०२३ मध्ये काही बोर्डांवर एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं एएमडीचं तयार प्रोफाइल) चालू केल्यावर एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर वगैरेंचा भाग) व्होल्टेज फार वर गेलं आणि रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले. त्यानंतर एएमडीने एसओसीवर १.३० व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे चिप कमजोर होत असल्याचं २०२४ मध्ये समोर आलं. इंटेलने ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोससोबत येणारं प्रोसेसरचं अंतर्गत सॉफ्टवेअर) दिले. या दोन पिढ्यांचा प्रोसेसर असेल तर बायोस आधी अद्ययावत करा. जुन्या बायोसवर ओव्हरक्लॉकिंगला हातसुद्धा लावू नका.

लोड लाइन कॅलिब्रेशन टोकाला नेणं

लोड आला की कोअर व्होल्टेज थोडं खाली येतं. हे मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. ते कमी यावं म्हणून एलएलसीचं, म्हणजे लोड लाइन कॅलिब्रेशनचं, सेटिंग आहे, पण ते सगळ्यात तीव्र पायरीवर ठेवलं तर लोड अचानक सुटल्यावर व्होल्टेज क्षणभर उसळतं. हा उसळा सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, कारण एचडब्ल्यूइन्फो मुळात दर दोन सेकंदांनी आकडा वाचतं आणि उसळा मायक्रोसेकंदांचा असतो. मधली पायरी घ्या. आणि पायरीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवरून उचलू नका: असूसवर आकडा वाढत जातो तशी तीव्रता वाढते, एमएसआय आणि ॲसरॉकवर १ म्हणजेच सर्वात तीव्र. असूसच्या बोर्डसाठी 'लेव्हल ३ ठेवा' असा सल्ला वाचून तो एमएसआयवर भरला, तर परिणाम जवळजवळ उलटा होतो.

तापमान चुकीच्या जागी बघणं

सरासरी तापमान बघू नका, सर्वात गरम कोअर बघा. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीची बहुतेक मॉडेल १०० अंशांवर आणि रायझन ७०००ची बहुतेक मॉडेल ९५ अंशांवर स्वतःचा वेग कमी करतात. त्याच मालिकेतल्या एक्स३डी मॉडेलची मर्यादा त्याहून खाली, ८९ अंश. कडक चाचणीत ८५च्या आत राहिलात तर उन्हाळ्यासाठी जागा उरते, कारण खोली आठ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच तापतो. हिवाळ्यात जेमतेम पास झालेली सेटिंग मे महिन्यात पडते ती यामुळेच.

प्रोसेसर ७० अंशांवर आहे तरी क्लॉक मध्येच कोसळतो, असं होत असेल तर संशय व्हीआरएमवर घ्या. प्रोसेसरला वीज पुरवणारा हा भाग तापला की बोर्ड वेग खाली आणतो. लिक्विड कूलर बसवल्यावर हे जास्त दिसतं, कारण साध्या एअर कूलरचा वारा बोर्डलाही लागायचा, तो आता लागत नाही. त्या बाजूला एक केस फॅन वळवला तरी फरक पडतो. लिक्विड कूलरचा पंप फॅनच्या कर्व्हवर चालत नाही ना, हेही पाहा. पंप कायम पूर्ण वेगात हवा. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली आहे का, हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण सुरू केल्यावर मिनिटभरातच तापमान मर्यादेला भिडत असेल तर आधी हेच तपासा.

एकच चाचणी, आणि सगळं एकदम बदलणं

रॅमचा एक्सएमपी (एक्स्पोसारखंच इंटेलचं प्रोफाइल) किंवा एक्स्पो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर आणि कॅशचा वेग एकाच वेळी बदलला तर मशीन पडल्यावर दोष कुणाचा ते कळायला मार्ग नाही. रॅम मूळ वेगावर ठेवून आधी प्रोसेसर पक्का करा. मग एक्सएमपी चालू करून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे चार पास घ्या.

सिनेबेंच ही फक्त पहिली चाळणी. त्यानंतर प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या चाचण्या: ओसीसीटी किंवा प्राइम९५चा स्मॉल एफएफटी तासभर, आणि वाय-क्रंचर. पण यातही एक फट राहते. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर उणे करून ठेवला असेल तर पूर्ण लोडच्या चाचण्या सहज पार पडतात आणि मशीन नुसतं ब्राउझर उघडा असताना रीस्टार्ट होतं. कारण सर्वात जास्त क्लॉक हलक्या कामात, एकाच कोअरवर मिळतो आणि कमी केलेलं व्होल्टेज तिथेच अपुरं पडतं. यासाठी कोअरसायक्लर वापरा. तो एकेक कोअर वेगळा तपासतो. सगळे कोअर उणे १० पासून सुरू करा. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. बोर्ड ज्या कोअरना उत्तम म्हणून दाखवतं, ते सहसा कमी उणे सहन करतात, कारण त्यांना मुळातच कमी व्होल्टेज दिलेलं असतं.

चाचणी पास झाली तरी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची विंडोजची नोंद) शोधा. तिथे आयडी १९ दिसला तर प्रोसेसरने चूक पकडून दुरुस्त केली आहे. स्क्रीनवर काहीच दिसलं नाही तरी ही सेटिंग अस्थिरच समजा.

क्लॉक वाढला पण स्कोअर घटला, तर एचडब्ल्यूइन्फोमधला इफेक्टिव्ह क्लॉक (खरोखर मिळणारा वेग) पाहा. व्होल्टेज अपुरं असलं की रायझन न पडता क्लॉक ताणतो: दाखवतो ४.८, काम करतो ४.६ चं.

पडलं तर कुठे बघायचं

निळ्या स्क्रीनवरचे 'क्लॉक वॉचडॉग टाइमआउट' आणि 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' बहुतेकदा कोअर व्होल्टेज कमी असल्याचं सांगतात. 'मेमरी मॅनेजमेंट' आला तर आधी रॅमकडे वळा. निळा स्क्रीन न येता वीज गेल्यासारखं मशीन बंद होत असेल तर पॉवर सप्लायचं संरक्षण किंवा अति तापमान. प्रोसेसरची आठ पिनची केबल पूर्ण बसली आहे ना, तेही बघा. गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येतो आणि ग्राफिक्स कार्डवर भरपूर मेमरी शिल्लक आहे, हे इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या अस्थिरतेचं ओळखीचं लक्षण आहे. मूळ सेटिंगवरही तेच होत असेल तर ओव्हरक्लॉकिंग सोडा आणि वॉरंटीत दाद मागा.

मशीन सुरूच होत नसेल तर घाबरू नका. पॉवर सप्लायचं बटण बंद करा, केबल काढा, बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसची सेटिंग पुसणाऱ्या) दोन पिन स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा. त्या पिन सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सगळं मूळ स्थितीत येतं.

सेटिंग जमली की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह कराच, पण त्यावर विसंबू नका. बायोस अपडेटमध्ये प्रोफाइल बहुधा पुसलं जातं, आणि पुसलं गेलं नाही तरी जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल नवीनवर लोड केल्यास एखादा आकडा भलत्याच जागी बसू शकतो. फॅट३२ केलेला पेनड्राइव्ह लावून प्रत्येक पानावर एफ१२ दाबा. बऱ्याच बोर्डांवर स्क्रीनशॉट थेट त्यात जातो. अपडेटनंतर ती चित्रं समोर ठेवून आकडे हाताने भरा आणि चाचण्या पहिल्यापासून घ्या, कारण नव्या मायक्रोकोडवर त्याच चिपला लागणारं व्होल्टेज बदललेलं असू शकतं.