परदेशी विद्यार्थ्यांचं टेबल नव्याने हाती आलेल्या कॉलेज कर्मचाऱ्यांसाठी

पुण्यातल्या कॉलेजांत अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इथिओपिया अशा देशांतली मुलं येतात आणि त्यांचं काम बहुधा अॅडमिशनच्याच एखाद्या टेबलावर येऊन पडतं. काम अवघड नाही, पण सुरुवातीच्या दोन आठवड्यांत राहिलेली चूक पुढची तीन वर्षं निस्तरावी लागते.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा स्टुडंट व्हिसा असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय), विद्यार्थ्यानेच करायचा; तुम्ही द्यायचं ते बोनाफाईड, म्हणजे तो आपल्या कॉलेजचा विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र. मात्र १४ दिवस कॉलेज सुरू झाल्यापासून मोजू नका, पासपोर्टवरच्या आगमनाच्या शिक्क्यापासून मोजा.

अर्ज परत येतो तो बहुतेकदा पत्त्यावरून. विद्यार्थी जिथे उतरला त्या जागेच्या मालकाने २४ तासांत ‘सी फॉर्म’, म्हणजे आपल्याकडे परदेशी नागरिक राहायला आल्याची सूचना, भरायचा असतो. (१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठीचा नवा कायदा लागू झाला, तरी या फॉर्मचं तोंडी नाव हेच.) होस्टेल असेल तर रेक्टर भरतात. मुलगा फ्लॅटवर राहायला गेला की घोळ सुरू होतो. मालकाला हा फॉर्म माहीत नसतो, ब्रोकर म्हणतो भाडेकरार झालाय, झालं. करार वेगळा, सी फॉर्म वेगळा. मालकाला तुम्हीच फोन करा. कॉलेजातून फोन आला की बहुतेक मालक ऐकतात. आणि करार, सी फॉर्म, बोनाफाईड या तिन्हींवर पत्ता शब्दशः एकच हवा. एकीकडे फ्लॅट नंबर आणि दुसरीकडे नुसतं सोसायटीचं नाव, एवढ्यावरूनही शंका निघते. खोली बदलली की हे सगळं पुन्हा.

आता नाव. आपल्या फॉर्मवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असे रकाने ठरलेले. इथिओपियाच्या मुलाला आडनावच नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. काही अफगाण पासपोर्टवर एकच नाव असतं. अशा वेळी रकाना भरायचा म्हणून आजोबांना आडनाव करून टाकू नका. पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने घ्या. रिकाम्या रकान्याचं काय करायचं ते विद्यापीठाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. मार्कशीट एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या, असं झालं की दुरुस्तीसाठी तो मुलगा परीक्षा विभागाच्या चकरा मारत बसतो.

जन्मतारीख १ जानेवारी दिसली म्हणून कुणाला खोटं ठरवू नका. अफगाण ओळखपत्रावर पुष्कळदा नुसतं वर्ष असतं, तेही त्यांच्या सौर हिजरी पंचांगाचं: १३८३ म्हणजे मार्च २००४ ते मार्च २००५. नेमकी तारीख नसली की तिच्या जागी १ जानेवारी पडते.

काउंटरवर ‘समजलं का?’ विचारलंत तर ‘येस सर’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा ‘कोणत्या तारखेला काय घेऊन येणार?’ असं विचारा आणि तारीख त्याच्याच हाताने लिहून घ्या.

मुदतवाढीसाठी व्हिसा संपण्याच्या किमान दीड महिना आधी फाइल काढा. फी पावती, हजेरी, निकाल हे सगळं तुमच्याच कार्यालयातून जायचं असतं. पासपोर्टची मुदतही त्याच वेळी बघा. देशात युद्ध असेल तर नूतनीकरणाला महिनोन्महिने लागतात, आणि पासपोर्टच संपत आला असेल तर पुढची मुदतवाढ मिळणार कशी? अर्धवेळ नोकरीचं कुणी विचारलं तर स्पष्ट नाही सांगा, स्टुडंट व्हिसावर ती चालत नाही. कॉलेज किंवा कोर्स बदलायचा तरी आधी एफआरआरओची परवानगी लागते. टीसी देण्यापूर्वी ती मिळाली आहे का, एवढं विचारून घ्या.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना डिसेंबरातच बोलावून घ्या. ट्रान्स्क्रिप्टच्या प्रती जास्तीच्या काढायला लावा. पदवी प्रमाणपत्राचं राज्य शासनाकडचं आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन इथे असतानाच करून घ्यायला सांगा. एकदा सना किंवा खार्तुमला परतलेल्या मुलाला एका शिक्क्यासाठी पुन्हा व्हिसा काढून यायला लावणं कुणालाच परवडत नाही.