खताआधी खड्डा काढून बघा

बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारात आमचं काळं रान आहे. भात निघालं की हरभरा. दोन वर्षांमागं जानेवारीतच हरभऱ्यानं माना टाकल्या. दुकानदारानं सांगितलेलं खत घातलं, फरक शून्य. शेवटी सासूबाईंनी खुरप्यानं एक झाड हळूच उकरून माझ्या हातात दिलं. सोटमूळ सहा इंच सरळ, नि तिथनं कोपरात दुमडल्यासारखं आडवं. खाली ओल होती, पण मुळाला तिथवर वाटच नव्हती.

तेव्हापासून मी पेरणीआधी खड्डा काढते. दोन फूट रुंद, तीन फूट खोल, माती ओलसर असताना. वरची माती डावीकडं, खालची उजवीकडं टाका. बुजवताना खालची आधी. खोऱ्यानं भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते नि थर झाकले जातात, म्हणून उन्हाकडची बाजू खुरप्याच्या टोकानं उचकटत या. मग वरून खाली दर दोन इंचांवर चाकू टोचा.

वरची पाच-सहा इंच माती काळीभोर, भुसभुशीत. गांडुळांची बिळं, केसासारखी तंतुमुळं इथंच जास्त. पिकाचं बरंचसं जेवण याच थरात. त्याखाली आमच्याकडं चाकू अडला. तीन इंचांचा थर, ढेकूळ फोडलं तर पापुद्र्यासारखं आडवं सुटतं. बिळं नाहीत, भेगा नाहीत. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर रोटावेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं माती घुसळणारं अवजार, फिरवून आम्हीच तो दाबला होता. त्याखाली पुन्हा ओलसर चिकण माती, दोन फुटांवर चुनखडीचे पांढरे खडे.

माझं माहेर खानापूरकडं. तिथं तांबडी माती, चांगला थर जेमतेम वीतभर, खाली मुरूम. तिथं काजू लावताना वरचीच माती शेणखतात कालवून खड्ड्यात भरा, मुरूम बाहेर ठेवा.

दाबलेला थर फोडायचा तो एप्रिल-मेमध्ये, माती कोरडी असताना. तेव्हा तो तडकतो. ओल्यात नांगर घातला तर आणखी लिंपला जातो. चिखलणी करून भात लावणाऱ्यांनी मात्र जपून, त्यांचं पाणी त्याच थरावर टिकतं. आम्ही नांगरट केली, बांधालगतच्या पट्ट्यात तूर घेतली. तिचं सोटमूळ जाड, खाली वाट करतं. रोटावेटर आता एक वर्षाआड.

हरभरा फुलोऱ्यात आला की एक झाड उकरून बघा. आमच्या परवाच्या झाडाचं मूळ सव्वा फुटावर तुटलं, टोक खालीच राहिलं.