नोकरी बदलायची वेळ आली तर प्रभूची इच्छा कशी शोधावी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना एक पाळी बंद करतो, शाळेत तुकडी कमी होते, दवाखान्यात कायमच्या जागी कंत्राटी माणसं येतात. मग पंधरा-वीस वर्षं एकाच कामावर काढलेल्या माणसापुढं प्रश्न पडतो: इथंच तग धरायचा, पुणं गाठायचं, की स्वतःचं काही काढायचं? चर्चच्या मंडळीत सल्ला एकच मिळतो, "प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवील." पण प्रार्थना नेमकी कशासाठी, किती दिवस, आणि तोवर हातपाय कसे हलवायचे, हे फारसं कोणी सांगत नाही.

त्यासाठी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय सावकाश वाचावेत. नहेम्या हा पर्शियाच्या राजाच्या चाकरीतला यहुदी. यरुशलेमेच्या पडक्या तटाची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि तो राजाशी बोलला नीसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने उपवास-प्रार्थनेचे. पण राजानं "काय पाहिजे?" असं विचारलं तेव्हा त्याच्याकडं सगळा हिशेब तयार होता: किती मुदत लागेल, कोणत्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, लाकूड कोणाकडून मिळेल. यरुशलेमेस पोचल्यावरही तीन दिवस तो गप्प राहिला, रात्री थोडी माणसं घेऊन तट पाहून आला आणि मगच लोकांपुढं विषय काढला. प्रार्थना आणि हिशेब एकाच माणसानं, एकाच काळात केले. पुढचं सगळं याच धर्तीवर आहे.

पहिलं काम, प्रश्न एका ओळीत वहीत लिहायचा. "प्रभू, माझं भलं कर" हा प्रश्न नव्हे. "जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी पुण्याची सुपरवायझरची नोकरी धरावी का?" हा प्रश्न. त्याच्यापुढं निर्णयाची तारीख टाकावी. चार आठवडे बहुधा पुरतात. समोरच्या कंपनीनं आठच दिवस दिले असतील तर आठ दिवस. त्यासाठी देवाकडं कमीपणा नाही. तारीख नसली की "अजून प्रार्थना चालू आहे" या आडोशाला वर्ष निघून जातं.

रोज सकाळी अर्धा तास पुरे. दहा मिनिटं बायबलचं वचन, दहा मिनिटं प्रार्थना, दहा मिनिटं शांत बसून वहीत दोन ओळी: आज मन कुठं ओढलं, कशाची भीती वाटली. फोन दुसऱ्या खोलीत. आठवड्यातून एकदा उपवास करायचा तर रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत करावा, पाणी सोडू नये. लूमवर उभं राहणाऱ्यानं सोलापूरच्या मे महिन्यात निर्जळी उपवास करणं म्हणजे भक्ती नव्हे, चक्कर येऊन पडायची तयारी. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

वचन वाचताना पुस्तक उघडून बोट ठेवायची सवय मोडा. यिर्मया २९:११ तर प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं: हिताचे संकल्प, आशा. पण ते पत्र आहे, बाबेलात बंदी होऊन गेलेल्यांना लिहिलेलं. त्याच्या आधीच्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे, आणि त्याआधी घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा, असं सांगितलंय. लवकर नोकरी मिळण्याची हमी त्यात नाही. नको असलेल्या गावातही नीट संसार थाटायला सांगणारं वचन आहे ते. म्हणून एक वचन घेण्यापेक्षा पूर्ण अध्याय घ्या. चार आठवड्यांसाठी नहेम्या, फिलिप्पैकरांस पत्र आणि याकोबाचं पत्र एवढं भरपूर होतं.

सर्वांत जास्त फसगत खुणांवरून होते. "दार उघडलं, म्हणजे प्रभूचीच इच्छा" असं आपल्यात सहज म्हटलं जातं. योना संदेष्ट्याला याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारं तारू तयार मिळालं, भाड्याचे पैसेही खिशात होते. दार सताड उघडं होतं, आणि तो देवापासून पळत होता. गिदोनाच्या लोकरीचंही तेच. देवानं काय करायचं ते त्याला आधीच सांगितलं होतं. रात्री खळ्यात लोकर ठेवून "फक्त हिच्यावरच दव पडू दे" अशी खूण मागितली ती शंकेपोटी. "सोमवारपर्यंत फोन आला तर होय" असली अट घालून प्रभूला बांधू नका. नवसही बोलू नका. "नोकरी दे, पहिला पगार दानात टाकीन" म्हणायला सोपं जातं, पण नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, हे उपदेशकाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट आहे, आणि पुण्यात पहिला पगार घराच्या डिपॉझिटात जातो.

मनाला वाटणाऱ्या शांतीचीही पारख लागते. कटकटीच्या साहेबापासून सुटण्याच्या नुसत्या कल्पनेनंही हलकं वाटतं. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेला नियम इथं कामी येतो: मन खचलेलं, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. भांडण झालं त्या संध्याकाळी राजीनामा लिहू नका. दोन-तीन आठवडे, बऱ्या दिवशी आणि वाईट दिवशीही, ओढ एकाच बाजूला राहते का, हे वहीतून दिसतं. वही त्यासाठीच.

सल्ला तिघांचा घ्या. पाळकसाहेब, फादर किंवा मंडळीतले एखादे वडील; त्या धंद्यात आज प्रत्यक्ष काम करणारा माणूस, तो ख्रिस्ती नसला तरी चालेल; आणि घरची व्यक्ती. नवऱ्यानं निर्णय घेऊन बायकोला नुसतं "आमेन म्हण" सांगणं हा सल्ला नव्हे. विचारताना "देवानं मला सांगितलंय" अशी सुरुवात करू नका. समोरच्याचं तोंड तिथंच बंद होतं. ज्याला तुमच्या होकारातून कमिशन मिळणार, तो कितीही गोड प्रार्थना करो, त्याला या तिघांत धरू नका. आखातातली नोकरी उपासनेनंतर चहाच्या वेळी कोणी पुढं केली तर एजंटची सरकारी नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर पाहावी. नोंदणीकृत एजंटला घेता येणारी फी ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढीच आहे.

आता खर्च. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं लूक १४:२८ मध्ये आहे. सहा महिन्यांचा घरखर्च, भाडं, डिपॉझिट, मुलांची फी एका कागदावर मांडा. नेमणूकपत्रात नोटिशीची मुदत किती ते पाहा. ग्रॅच्युइटीचा नेहमीचा हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. १८,००० रुपये आणि १२ वर्षं असतील तर सुमारे १ लाख २४ हजार ६०० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं पूर्ण व्हायला महिना-दोन महिने राहिले असतील तर तेवढं थांबणं अविश्वास नव्हे. पीएफ काढू नका, नव्या खात्यात ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर कर लागतो, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षंही जोडत न्यावी लागतात.

जमेल तिथं प्रत्यक्ष पाहून या. दोन दिवस रजा टाकून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली की साधारण चार तासांत पुणं. कारखान्याच्या गेटवर पाळी सुटताना उभं राहून दोन कामगारांना पगार वेळेवर होतो का ते विचारा, खोल्यांची भाडी पाहा. रविवारची सुट्टी खरंच मिळते की आठवड्यात फिरती, हे लेखी घ्या. मॉल आणि दवाखान्यांत ती बहुधा फिरती असते, आणि उपासना सुटायला तिथूनच सुरुवात होते.

ठरलेल्या तारखेला वही वाचा, घरच्यांसोबत प्रार्थना करा आणि निर्णय लिहून टाका. पूर्ण खात्री होईलच असं नाही. त्रोवसात प्रेषित पौलाला "मासेदोनियात ये" असा दृष्टान्त झाला, तरी निघताना सोबत्यांनी मिळून अनुमान काढलं, असंच प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आहे. आणि मासेदोनियात पोचल्यावर फिलिप्पैमध्ये त्यांना फटके बसले, तुरुंग मिळाला. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत साहेब वाईट निघाला किंवा खोली गळकी मिळाली, तर लगेच "प्रभूची इच्छा नव्हती" असा निकाल लावू नका. पगारच मिळत नसेल किंवा खोट्या बिलांवर सही मागत असतील, तर मात्र थांबायचं कारण उरत नाही.

राजीनामा लेखी द्यावा, पोच घ्यावी, अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत नम्रपणे पाठपुरावा करावा. संडे स्कूल किंवा गायनमंडळाची जबाबदारी असेल तर तीही दुसऱ्याकडं सोपवूनच निघावं. पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं शिफारसपत्र निघण्याआधीच मागून घ्या, आणि नव्या गावातल्या मंडळीत ते पहिल्याच रविवारी द्या.